आयपी६८, ५ एटीएम, ५० मीटर: स्मार्टवॉचवरचे हे आकडे नक्की काय सांगतात?

माझा मावसभाऊ राहायला चिंचवडला आणि कामाला चाकणला, एका कारखान्यात सीएनसी मशिनवर. मागच्या पावसाळ्यात त्याचं स्मार्टवॉच बंद पडलं. घेऊन जेमतेम पाच महिने झाले होते. आधी स्पीकरचा आवाज घोगरा झाला, मग काचेच्या आतून धुकं दिसायला लागलं आणि एका सकाळी स्क्रीन काळी ती काळीच. सर्व्हिस सेंटरमध्ये घड्याळ उघडून बघितलं, आत ओलावा सापडला आणि जॉबशीटवर दोन शब्द आले: ‘लिक्विड डॅमेज’. म्हणजे वॉरंटी नाही. हा खोकं घेऊनच गेला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात आयपी६८. “अरे, मग हे कशाला छापलंय? आयपी६८ म्हणजे वॉटरप्रूफच ना?”

नाही. आणि गंमत म्हणजे हा प्रश्न विचारणारा माणूस रोज आठ तास आयपीच्या आकड्यांमध्येच उभा असतो. कारखान्यातल्या मोटरच्या पाटीवर आयपी५५ लिहिलेलं असतं, मशिनवरच्या सेन्सरवर आयपी६७, कंट्रोल पॅनलच्या दारावर आयपी५४ वगैरे. हा कोड घड्याळांसाठी किंवा फोनसाठी बनलाच नव्हता. विजेच्या उपकरणांच्या पेट्या धूळ आणि पाणी किती अडवतात, हे ठरवण्यासाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने आयईसी ६०५२९ हे मानक बनवलं. त्याची पहिली आवृत्ती १९७६ची. भारतीय मानक ब्युरोने तेच आयएस/आयईसी ६०५२९ म्हणून स्वीकारलं आहे. म्हणजे चाकणमधली मोटर आणि तुमच्या मनगटावरचं घड्याळ एकाच पुस्तकातून मार्क घेतात. २०२०च्या जानेवारीत बाजारात आलेली बजाजची इलेक्ट्रिक चेतक सुरुवातीला चाकणलाच बनत होती. तिच्या बॅटरीला आयपी६७ आहे असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. तोच कोड, तीच चाचणी.

दोन आकडे, दोन वेगळ्या परीक्षा

आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दोन्ही मिळून ‘अडुसष्ट’ असं वाचायचं नाही. ‘सहा’ आणि ‘आठ’ असं वेगवेगळं वाचायचं.

धुळीचा आकडा ० ते ६. घड्याळांच्या बाबतीत फक्त ५ आणि ६ कामाचे. ५ म्हणजे थोडी धूळ आत जाईल, पण काम बिघडवण्याइतकी नाही. ६ म्हणजे आत धूळ दिसता कामा नये. चाचणी कशी करतात? एका बंद कपाटात बारीक टाल्कम पावडर उडत ठेवतात आणि घड्याळ त्यात काही तास ठेवतात. बऱ्याचदा घड्याळातली हवा थोडी ओढून घेतात, म्हणजे धूळ आत खेचली जावी. शेवटी उघडून बघतात.

पाण्याचा आकडा ० ते ९. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे. ५ म्हणजे नळीची धार, मिनिटाला साडेबारा लिटर. ६ म्हणजे जोरदार धार, मिनिटाला १०० लिटर. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ९ म्हणजे ८० अंश गरम पाण्याचा, ८० ते १०० बार दाबाचा फवारा, अगदी जवळून.

८ मुद्दाम मागे ठेवला, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ८ची खोली आणि वेळ मानकात ठरलेली नाही. ७पेक्षा कडक हवी एवढंच बंधन, बाकी काय ते कंपनीने सांगायचं. त्यामुळे एका कंपनीचा ८ म्हणजे दीड मीटर, अर्धा तास आणि दुसरीचा ८ म्हणजे ६ मीटर, अर्धा तास असू शकतो. दोघींच्या खोक्यावर आयपी६८च. खरा आकडा तळटीपेत, बारीक अक्षरात. स्वस्त घड्याळ घेताना मी सगळ्यात आधी ती तळटीप शोधतो. सापडली नाही तर त्या ८ला मी ७ समजतो.

आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. ७ किंवा ८ मिळाला म्हणजे ५ आणि ६ आपोआप पास झाले, असं होत नाही. बुडवणं वेगळं आणि धार मारणं वेगळं. शांत पाण्यात अर्धा तास बसलेलं घड्याळ नळीच्या धारेसमोर हरू शकतं. म्हणूनच काही फोनवर ‘आयपी६८ आणि आयपी६९’ असे दोन्ही कोड लिहिलेले दिसतात. दोन परीक्षा दिल्या, दोन्हीचे निकाल दिले. घड्याळावर नुसतं आयपी६८ असेल, तर धारेबद्दल त्याने काहीच कबूल केलेलं नाही.

आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्याचा अर्थ शून्य नाही. त्या गोष्टीची परीक्षा सांगितलेली नाही, एवढाच अर्थ. २०१५चं पहिलं ॲपल वॉच आयपीएक्स७ होतं. धुळीचं रेटिंग, आयपी६एक्स, त्या घड्याळांना २०२१च्या सिरीज ७मध्ये मिळालं. मधली सहा वर्षं लोक ती घड्याळं धुळीत वापरत होतेच, फक्त कंपनीने धुळीबद्दल शब्द दिलेला नव्हता.

मग ५ एटीएम कुठून आलं?

हे घड्याळवाल्यांच्या जगातून आलं. बँकेच्या एटीएमशी काही संबंध नाही. इथे एटीएम म्हणजे ॲटमॉस्फिअर, हवेच्या दाबाचं माप. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की साधारण १ एटीएम दाब वाढतो. म्हणून ५ एटीएम म्हणजे ५० मीटर पाण्याएवढा दाब. यासाठी वेगळं मानक आहे, आयएसओ २२८१०. स्कूबा डायव्हिंगच्या घड्याळांसाठी त्याहून कडक आयएसओ ६४२५. दोन्हींत एक मोठा फरक: डायव्हिंगच्या मानकात प्रत्येक घड्याळ तपासावं लागतं, साध्या मानकात नमुने काढून तपासले तरी चालतं. म्हणजे तुमच्या हातातलं घड्याळ स्वतः परीक्षेला बसलं असेलच असं नाही, त्याच्या भावंडाने दिली असेल.

५० मीटर लिहिलंय म्हणजे ५० मीटर खोल जाता येतं असं कुणी समजू नये. प्रयोगशाळेत स्थिर दाब थोडा वेळ दिलेला असतो, एवढंच. २०२२चं ॲपल वॉच अल्ट्रा बघा. त्यावर १०० मीटरचं रेटिंग आहे आणि कंपनी स्वतःच डायव्हिंगसाठी मर्यादा ४० मीटर सांगते.

साधा हिशेब असा: पोहायला जायचं असेल तर ५ एटीएम बघा. नुसतं आयपी६७ किंवा आयपी६८ असेल तर पाऊस, हात धुणं, घाम इथपर्यंत ठीक. ३ एटीएमलाही मी पोहायला नेणार नाही. आणि दोन्ही कोड असतील, म्हणजे ५ एटीएम अधिक आयपी६८, तर उत्तम. त्यात पाण्याचं काम ५ एटीएम सांभाळतं आणि आयपीतला ६ तुम्हाला धुळीबद्दल सांगतो. सॅमसंगच्या अलीकडच्या गॅलेक्सी वॉचवर अशीच जोडी असते. सोबत ‘मिलिटरी ग्रेड’, म्हणजे मिल-एसटीडी-८१०, असंही लिहिलेलं दिसतं. ते पाण्याचं रेटिंग नाही. ती अमेरिकी सैन्याच्या चाचणी-पद्धतींची यादी आहे आणि त्यातल्या कोणत्या करायच्या ते कंपनी निवडते. त्या शब्दांसाठी शंभर रुपयेही जास्त देऊ नका.

हात जोरात मारला की रेटिंग तुटतं?

पोहताना हात जोरात पाण्यावर मारला की दाब प्रचंड वाढतो आणि ५ एटीएमही पुरत नाही, असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं. हिशेब करून बघूया. वेगामुळे येणारा दाब म्हणजे पाण्याची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. हात सेकंदाला ३ मीटर वेगाने पाण्यातून गेला तर हा जास्तीचा दाब निघतो जेमतेम अर्ध्या मीटर पाण्याएवढा. ५० मीटरच्या घड्याळाला तो काहीच नाही.

उडी मारली तर? यासाठी एक सोपी युक्ती आहे. जेवढ्या उंचीवरून पडाल, साधारण तेवढ्याच मीटर पाण्याचा दाब. तीन मीटरवरून उडी म्हणजे तीन मीटरचा दाब. आदळण्याच्या क्षणीचा झटका याहून बराच जास्त असू शकतो, पण तो क्षणापुरता. धबधब्यालाही हाच नियम लागतो. चिंचवड स्टेशनवरून लोकल पकडून पावसाळ्यात लोणावळ्याला जाणारे आपण सगळेच. दहा मीटरवरून सरळ पडणाऱ्या धारेखाली हात धरला तर दाब दहा मीटरच्या आसपास जाऊ शकतो. वाटेत हवेने धार फुटते, त्यामुळे प्रत्यक्षात कमी भरतो. ५ एटीएमचं घड्याळ हे सोसेल. दीड मीटरवालं आयपी६८ मात्र स्वतःच्या परीक्षेच्या कितीतरी बाहेर गेलं.

आणि आता वॉशिंग सेंटर. रविवारी बाईक धुताना हातात घड्याळ असतं ना? साध्या प्रेशर वॉशरवरही १०० बारच्या आसपासचा आकडा असतो. १०० बार म्हणजे जवळजवळ १,००० मीटर पाण्याचा दाब. नोझलपासून लांब गेलं की जोर झपाट्याने कमी होतो हे खरं, पण जवळून धार घड्याळाच्या बटणावर किंवा माइकच्या भोकावर बसली तर ५ एटीएमचाही भरवसा धरू नका.

खरे शत्रू: साबण, कूलंट, उष्णता

मावसभावाच्या घड्याळाकडे परत येतो. आठवडाभर पावसात भिजून त्याला काही झालं नव्हतं. मी त्याला विचारलं, “आंघोळीला काढतोस का?” तो म्हणाला, “नाही रे, उलट शिफ्टवरून आलो की साबणाने घासतो. कूलंटचा वास जात नाही.”

तिथेच सगळं कळलं.

स्मार्टवॉच म्हणजे पूर्ण बंद डबी नाही. स्पीकर, माइक आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर यांच्यासाठी भोकं ठेवावीच लागतात. त्या भोकांवर बऱ्याचदा एक अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. हवा जाते, पाणी जात नाही. पाणी का जात नाही? कारण पाण्याच्या पृष्ठताणामुळे थेंब गोळा होऊन बसतो, त्या बारीक छिद्रात शिरत नाही. अळूच्या पानावरचा थेंब आठवा, तसंच काहीसं. साबण नेमका हा पृष्ठताणच कमी करतो. साबणाचं पाणी पसरतं, भिनतं आणि जिथे साधं पाणी अडलं असतं तिथून आत सरकतं. शॅम्पू, हँडवॉश, भांड्यांचा लिक्विड सोप, सगळ्यांचं हेच. आयपीची आणि एटीएमची चाचणी साध्या स्वच्छ पाण्यात होते. साबणाची परीक्षा त्यात नसते.

आता सीएनसीचं कूलंट घ्या. पाण्यात तेल मिसळून बनवलेलं ते दुधासारखं द्रव. तेल आणि पाणी एकत्र राहावं म्हणून त्यात इमल्सिफायर असतात, म्हणजे साबणाचीच भावंडं. वर तेल. घड्याळाच्या जोडांवर रबरी गॅस्केट असतात आणि काही जातींचं रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं. भोसरी, तळवडे, चाकण इथल्या शॉपफ्लोअरवर काम करणाऱ्यांसाठी पावसापेक्षा हा धोका मोठा आहे, पण खोक्यावरच्या पावसाच्या थेंबाच्या चित्रात तो कुठेच दिसत नाही. ग्राइंडिंगवाल्यांसाठी अजून एक. घड्याळाच्या मागे चार्जरसाठी चुंबक असेल तर लोखंडाचा कीस तिथे चिकटतो. धुळीचा ६ मिळालेल्या घड्याळातही तो आत जाणार नाही, पण बाहेरच्या चार्जिंग पिनांवर बसेल, काच खरवडेल. टाल्कम पावडर चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे परीक्षेत हा प्रश्न येतच नाही. तसंही फिरत्या मशिनसमोर घड्याळ, अंगठी, कडं काढूनच उभं राहायचं असतं. इथे घड्याळापेक्षा हात महत्त्वाचा.

तिसरा शत्रू तापमान. आयपीच्या ७ नंबरच्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत. आणि आपण? मे महिन्यात भर दुपारी बाईकवरून महापालिकेच्या तलावावर पोचतो, घड्याळ उन्हाने ४५ अंशांपर्यंत तापलेलं, आणि थेट २० अंशांच्या पाण्यात. आतली हवा एकदम थंड झाली की तिचा दाब सुमारे ८ टक्के पडतो. म्हणजे घड्याळ स्वतःच बाहेरचं पाणी आत ओढायला लागतं, साधारण ८० सेंटीमीटर पाण्याच्या जोराने. शाबूत गॅस्केटला हे काही नाही, पण वर्ष-दीड वर्ष वापरलेल्या, एक-दोनदा फरशीवर पडलेल्या घड्याळाला तेवढंही पुरतं. गिझरच्या वाफेचंही तसंच. वाफ त्या पडद्यातून पाण्यापेक्षा सहज जाते आणि आत गार होऊन तिचं पाणी होतं. काचेच्या आतलं धुकं ते हेच.

गणपतीत ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांनी तर हे सगळं एका दिवसात अनुभवलेलं असेल: दिवसभर घाम, वरून पाऊस, मग गुलाल आणि शेवटी पवनेच्या घाटावर कमरेएवढं पाणी. घामातलं मीठ चार्जिंगच्या पिना खातं. गुलाल माइकच्या भोकात बसतो. तो पडद्याच्या बाहेरच असतो, त्यामुळे धुळीचं रेटिंग तुटलं असं म्हणता येत नाही, पण समोरच्याला तुमचा आवाज ऐकू जात नाही हेही खरं. घरी आल्यावर पट्टा काढून घड्याळ नळाच्या हलक्या, साध्या पाण्याखाली धुवा, मऊ फडक्याने पुसा आणि मागच्या पिना पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय चार्जरला लावू नका. अलिबाग किंवा काशीदच्या समुद्रातून आल्यावरही हेच करायचं. टाचणी भोकात घालू नका, पडदा फाटेल. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. तांदळाची पूड भोकात जाते, बाकी फायदा शून्य.

बऱ्याच घड्याळांत ‘वॉटर लॉक’ असतं. ते चालू केल्यावर घड्याळ जास्त घट्ट बंद होतं असा अनेकांचा समज आहे. ते फक्त टचस्क्रीन बंद करतं, पाण्याच्या थेंबांनी बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून. काही घड्याळं लॉक काढताना स्पीकरमधून आवाज काढून तिथलं पाणी बाहेर फेकतात. चांगली सोय आहे, पण सील वगैरे काही नाही.

वॉरंटीत का बसत नाही?

जाहिरातीत घड्याळ घालून पूलमध्ये उडी मारणारा मुलगा दिसतो आणि वॉरंटी कार्डवर ‘पाण्याने झालेलं नुकसान समाविष्ट नाही’ असं असतं. हा विरोधाभास फक्त आपल्याला खुपतो असं नाही. इटलीच्या स्पर्धा नियामकाने नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला. आयफोन अमुक मीटर पाण्यात टिकतो असं सांगताना, ते प्रयोगशाळेतल्या स्थिर, शुद्ध पाण्यापुरतं आहे हे स्पष्ट केलं नाही आणि वर पाण्याच्या नुकसानीला वॉरंटी नाकारली, हा आक्षेप होता. ऑस्ट्रेलियात जून २०२२मध्ये न्यायालयाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. गॅलेक्सी फोन पूलमध्ये, समुद्रात वापरताना दाखवले होते, पण तसं ओलं झाल्यावर चार्जिंग पोर्ट गंजण्याचा धोका होता. दोन्ही प्रकरणं फोनची, पण मुद्दा घड्याळालाही तसाच लागू.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिराती त्यात येतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्या आयोगात जाता येतं, म्हणजे चिंचवडकरांना पुण्यात, कंपनीचं ऑफिस दिल्लीला असलं तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या प्रकरणात तक्रारीला फी नाही. पण हातात कागद हवेत: बिल, खोक्याचा फोटो, खरेदीच्या दिवशीच्या प्रॉडक्ट पेजचा स्क्रीनशॉट आणि सर्व्हिस सेंटरने कारण लिहून दिलेलं जॉबशीट. तोंडी ‘पाणी गेलंय’ ऐकून परत येऊ नका. कुठून गेलं, सील तुटलं होतं का, बाहेर आघाताची खूण होती का, हे लिहून मागा. मावसभावाकडे स्क्रीनशॉट नव्हता, आणि साबणाचं त्याने काउंटरवर स्वतःच सांगून टाकलं होतं. त्याने प्रकरण सोडून दिलं.

जुनं घड्याळ वापरणाऱ्यांसाठी, किंवा सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी, शेवटचं एक. बॅटरी किंवा स्क्रीन बदलायला घड्याळ एकदा उघडलं की खोक्यावरचे सगळे आकडे तिथेच संपतात. जुना चिकट सील परत तसाच बसत नाही. दुरुस्तीवाल्याला एवढंच विचारा: “नवीन सील टाकता का? आणि प्रेशर टेस्ट करून देता का?” चांगल्या घड्याळवाल्यांकडे प्रेशर टेस्टचं छोटं मशिन असतं. त्यात घड्याळ हवेच्या दाबाखाली ठेवून गळती तपासता येते, पाण्यात बुडवायची गरज पडत नाही. उत्तर ‘नाही’ आलं तर त्या दिवसापासून ते घड्याळ पावसात रेनकोटच्या बाहीच्या आत ठेवा, आणि तलावावर गेलात तर बॅगेत.